एकल आणि समूह : विद्यापीठीय संगीतशिक्षणातील सादरीकरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

हिंदुस्थानी संगीताच्या विद्यापीठीय शिक्षणाविषयी आजवर जी चर्चा झाली ती प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. गुरुगृहाची जागा वर्ग घेऊ शकतो काय, हा पहिला प्रश्न; आणि अभ्यासक्रमात शास्त्र व क्रियात्मक यांचे प्रमाण काय असावे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तथापि त्यांच्या आडून एक तिसरा प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. विद्यापीठ ज्या सादरीकरणाची परीक्षा घेते, ते सादरीकरण नेमके कोणाचे असते? गुणपत्रिकेवर एकच नाव असते. मंचावर मात्र तबलावादक असतो, हार्मोनियमवादक असतो, क्वचित मागे तानपुऱ्यावर बसलेले विद्यार्थी असतात. या सर्वांनी मिळून जे घडवलेले असते त्याचे गुण एकाच्या खात्यावर जमा होतात, आणि उरलेल्यांची गणना परीक्षेच्या साहित्यात, म्हणजे जवळजवळ टेबलखुर्चीच्या रांगेत होते.

‘एकल’ आणि ‘समूह’ असे दोन सादरीकरणप्रकार मानून अभ्यासक्रमाची रचना करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. या विभागणीने हिंदुस्थानी संगीताच्या प्रत्यक्ष व्यवहाराचा सर्वांत मोठा भाग, म्हणजेच साथसंगत, दोन्ही खान्यांच्या बाहेर पडला, हे येथे दाखवावयाचे आहे.

वर्गातील समूह, परीक्षेतील एकल

सामुदायिक शिक्षण ही आधुनिक संगीतविद्यालयांची मूळ अट होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा, विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय आणि पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला उभे राहिलेले मॅरिस कॉलेज या तिन्ही ठिकाणी एका गुरूपुढे अनेक शिष्य बसवून शिकवण्याचा प्रयोग झाला. स्वरलेखन, क्रमिक पुस्तके, ठरावीक तासिका या सर्व गोष्टी त्या अटीतून आल्या. वर्गात पंधरा-वीस कंठ एकत्र आरोह-अवरोह म्हणत, एकत्र बंदिश पाठ करीत.

विरोधाभास असा की, शिकणे सामूहिक झाले, परंतु परीक्षा व्यक्तीची राहिली. किंबहुना ती अधिक काटेकोरपणे व्यक्तीची झाली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या परीक्षांनी जी चौकट रूढ केली, तीच थोड्याफार फरकाने विद्यापीठांत उतरली. एक परीक्षार्थी आत येतो, आवडीचा राग मांडतो, परीक्षक विचारतील त्या रागांचे चलन दाखवतो, हातावर ताल धरून दुगुन-चौगुन म्हणतो आणि बाहेर पडतो. बनारस हिंदू विद्यापीठात पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली १९५० मध्ये संगीत महाविद्यालय सुरू झाले; १९५६ मध्ये खैरागढला केवळ कला-संगीतासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. या संस्थांनी विषयाला प्रतिष्ठा मिळवून दिली, यात शंका नाही. पण पदवी ही व्यक्तीला द्यावयाची असल्याने सादरीकरणही व्यक्तीचेच असले पाहिजे, हे गृहीत कोणी तपासले नाही.

या गृहीताच्या बाजूनेही बोलता येण्यासारखे आहे. रागविस्तार ही व्यक्तीच्या प्रतिभेची गोष्ट आहे. दहा जणांनी मिळून आलापी करता येत नाही. केली तर ती पाठांतराची कवायत होते. सामूहिक वर्गात शिकलेल्या विद्यार्थ्याला निदान परीक्षेत तरी एकट्याने उभे करावे, त्याच्या गळ्यातून त्याचे स्वतःचे काय निघते ते पाहावे, ही भूमिका वावगी म्हणता येणार नाही. दोष व्यक्तीची परीक्षा घेण्यात नाही. जे व्यक्तीचे नाही तेही व्यक्तीचे म्हणून मोजण्यात तो आहे.

साथ : न मोजलेला समूह

विलंबित एकतालातील ख्यालाचे उदाहरण घेऊ. एका मात्रेला चार सेकंद धरले तर बारा मात्रांचे आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचे होते. एवढ्या दीर्घ अवकाशात गायक मनातल्या मनात मात्रा मोजत बसत नाही. मोजत बसला तर गाणे संपलेच. चौथ्या आणि दहाव्या मात्रेवरील ‘तिरकिट’ ही त्याची खूण असते. दुसरे ‘तिरकिट’ कानावर आले की मुखड्याची तयारी करावयाची. म्हणजे गायकाच्या लयकारीचा, किंबहुना त्याच्या निश्चिंतपणाचा, मोठा वाटा तबलावादकाच्या हातात असतो. तबलावादकाने लय किंचित ढळू दिली, भरणा वाढवून ठेक्याची अक्षरे झाकोळली, अथवा समेच्या आधी गायक घाईला आला असता त्याला सांभाळून घेतले नाही, तर उत्तम गायकाचेही गाणे विस्कटते.

आता परीक्षेचे दालन पाहावे. विभागातील अनुभवी तबलावादक साथीला बसलेला असतो. विद्यार्थिनीचा मुखडा अर्धी मात्रा आधी आला, की तो अलगद तेवढे अंतर मिटवून सम देतो. हार्मोनियमवादकाने तर गायकाच्या मागे सावलीसारखे जावयाचे असते. पण परीक्षेत तो पुष्कळदा पुढे जातो. विसरलेली स्वरसंगती अर्धा क्षण आधी वाजवून तो विद्यार्थिनीला वाट दाखवतो. हे सारे सद्भावनेने होते आणि त्यात संगीतदृष्ट्या गैर काही नाही. मैफलीतही हेच होते. प्रश्न एवढाच की, परीक्षकाने दिलेल्या गुणांपैकी किती गुण विद्यार्थिनीचे आणि किती साथीदारांचे? परीक्षकाला ते कळते. गुणपत्रकात मात्र ते लिहावयास जागा नाही.

ज्याच्या आधारावर परीक्षा पार पडते त्याचे स्थान काय, हेही पाहिले पाहिजे. अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत ‘संगतकार’ हे पद शिक्षकेतर गणले जाते. तो रोज वर्गात बसतो, विद्यार्थ्यांना लयीचे भान प्रत्यक्षात तोच देतो, पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळात त्याला स्थान नसते.

तबल्याच्या अभ्यासक्रमाची स्थिती याहून बोलकी आहे. पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा, चक्रदार अशा क्रमाने विद्यार्थी स्वतंत्र वादनाची तयारी करतो आणि त्यावरच त्याचे प्रमुख मूल्यमापन होते. साथसंगतीचा उल्लेख असतोच, पण तो बहुधा ‘ख्याल, ठुमरी, भजन यांच्या साथीचे ज्ञान’ अशा एका ओळीचा. साथीचे ‘ज्ञान’ म्हणजे काय? विलंबित झुमरा वाजवता येणे म्हणजे साथ करता येणे नव्हे. समोरचा गायक कोणत्या घराण्याचा, त्याला ठेका भरलेला हवा की मोकळा, तो तिहाई घेऊन येणार की सहज उतरणार, हे दोन आवर्तनांत ओळखणे म्हणजे साथ. कुमार गंधर्वांच्या मैफलींतील वसंतराव आचरेकरांचा तबला ज्यांनी ऐकला आहे, निदान ध्वनिमुद्रणांतून ऐकला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. ही कला शिकवता येत नाही असे म्हटले जाते. पण ती शिकली जाते, हे तर उघड आहे.

ती कशी शिकली जात होती याचा एक धागा मराठी रंगभूमीत सापडतो. उस्ताद अहमदजान थिरकवा हे एकल तबलावादनाचे विसाव्या शतकातील शिखर मानले जातात. पुढे लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात त्यांनी अध्यापनही केले. पण त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा काळ गंधर्व नाटक मंडळीत, बालगंधर्वांच्या पदांची साथ करण्यात गेला. त्याच कंपनीत सारंगीला कादरबक्ष होते. रोज रात्री पद तेच, पण बालगंधर्वांचा लहरी विस्तार रोज नवा. त्यावर डोळा ठेवून वाजवणे ही एक शाळाच होती. स्वतंत्र वादनाच्या परीक्षेचा आदर्श म्हणून थिरकवांचे नाव घेणाऱ्या अभ्यासक्रमाने त्यांच्या घडणीतील हा भाग मात्र वगळला.

हार्मोनियमची कथा आणखी निराळी. आकाशवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर बंदी घातली आणि ती सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी केवळ साथीपुरती सैल झाली. या काळात आणि नंतरही गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांनी साथीचे असे मानदंड निर्माण केले की, त्यांच्या साथीसाठी मैफलीला जाणारा रसिक महाराष्ट्रात तयार झाला. तरीही विद्यापीठांच्या पदवीस्तरावर हार्मोनियम हा मुख्य विषय म्हणून फारच थोड्या ठिकाणी दिसतो. वाद्य प्रत्येक वर्गात आहे. वादक अभ्यासक्रमात नाही.

सारंगीच्या बाबतीत तर साथीदाराला प्रतिष्ठा मिळण्याचा एकच मार्ग इतिहासाने दाखवला, तो म्हणजे साथ सोडणे. पंडित रामनारायण (१९२७-२०२४) यांनी १९५० च्या दशकात साथसंगत थांबवून सारंगीला एकल वाद्याचा मान मिळवून दिला. त्यांचे कर्तृत्व असामान्य आहे. परंतु त्या घटनेने एक गोष्टही सिद्ध केली : आपल्या व्यवस्थेत सन्मान एकलालाच मिळतो. विद्यापीठाने हा समज दुरुस्त करावयास हवा होता. त्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

देवगिरीचा निकष

विद्यापीठीय शास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत ‘कुतप’ किंवा ‘वृंद’ यावर टीप लिहावयास सांगण्याची प्रथा जुनी आहे. विद्यार्थीही नाट्यशास्त्र आणि संगीतरत्नाकर यांची नावे घालून ती टीप लिहितात. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या या ग्रंथाच्या तिसऱ्या, प्रकीर्णक अध्यायात उत्तम वृंदाची संख्या दिलेली आहे : चार मुख्य गायक, आठ समगायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक. संख्या पाठ करावयास सोपी असल्याने टिपेत तीच उतरते.

त्याच ठिकाणी सांगितलेले वृंदाचे सहा गुण मात्र पाठांतरापलीकडे जात नाहीत. मुख्य गायकाचे अनुसरण, परस्परांत मिसळून जाणे, ताल व लय यांना धरून चालणे, एकाचे तुटले असता दुसऱ्याने ते निभावून नेणे, तिन्ही स्थानांत संचार करण्याची शक्ती आणि ध्वनींचे साम्य. यातील चौथ्या गुणाला शार्ङ्गदेव ‘मिथस्त्रुटितनिर्वाह’ असा शब्द वापरतो. चूक होऊ नये हा गुण नव्हे. चूक झाली असता ती सामावून घेता यावी, हा गुण. आणि ‘मिथः’ म्हणजे परस्परांची. केवळ साथीदाराने मुख्याची नव्हे.

वर वर्णिलेल्या परीक्षेच्या दालनात नेमका हाच गुण तबलावादक आणि हार्मोनियमवादक दाखवीत असतात. सात-आठशे वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्याच भूमीवर ज्याला निकष म्हणून मान्यता मिळाली, तो आज परीक्षेत प्रत्यक्ष घडतो, परीक्षक तो पाहतात, आणि गुण देतात ते लेखी परीक्षेतील व्याख्येला. शास्त्र आणि क्रियात्मक यांच्यातील दरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे; या दरीचे याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल.

वृंद म्हणजे केवळ समूहगान नव्हे

समूह-सादरीकरणाची बाजू अभ्यासक्रमात व विद्यापीठीय जीवनात अगदीच नाही असे नाही. पण तिचे स्थान बहुधा वर्गाबाहेर आहे. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवांत शास्त्रीय गायन व वादन हे प्रकार एकल आहेत, आणि समूह आढळतो तो भारतीय समूहगीत, पाश्चात्त्य समूहगीत, लोकवाद्यवृंद या प्रकारांत. अर्थात शास्त्रीय ते एकल, आणि समूह ते हलकेफुलके, अशी एक वर्णव्यवस्थाच येथे तयार झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रात लागू झालेल्या श्रेयांकपद्धतीत सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगकला यांना सहअभ्यासक्रमीय गटात श्रेयांक मिळू लागले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण संगीत हाच मुख्य विषय असणाऱ्या विद्यार्थ्याच्या समूहकौशल्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

वाद्यवृंदाचे गंभीर प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. १९१८ च्या सुमारास उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मैहरमध्ये अनाथ मुलांना घेऊन वाद्यवृंद उभारला. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी केलेले नलतरंग प्रसिद्धच आहे. १९५२ मध्ये आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला आणि पंडित रविशंकर, पुढे पन्नालाल घोष यांनी त्याची धुरा सांभाळली. दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयात विनयचंद्र मौद्गल्य यांनी वृंदगान रुजवले. या प्रयोगांचे मोल मान्य करूनही एक मर्यादा सांगितली पाहिजे. त्यांत रचना पूर्वनियोजित असते. प्रत्येकाने काय वाजवावयाचे ते ठरलेले असते. उपज, म्हणजे ऐन वेळी सुचणारे, जे हिंदुस्थानी संगीताचे मर्म, त्याला तेथे थोडीच जागा उरते. म्हणूनच ‘समूह’ या शीर्षकाखाली केवळ वृंदगान व वाद्यवृंद घालून विद्यापीठाने आपली जबाबदारी संपली असे मानू नये. उपज आणि समूह जेथे एकत्र नांदतात अशी आपल्याकडील जागा साथसंगत आणि जुगलबंदी हीच आहे.

पाश्चात्त्य संगीतशिक्षणाकडे या संदर्भात पाहिले जाते, आणि त्यातून पुष्कळदा चुकीचा धडा घेतला जातो. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ हवा, असा तो धडा. वस्तुतः घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात १९४७ मध्ये ग्वेंडोलिन कोल्डोफ्स्की यांनी पियानोसाथीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. गायकासोबत वाजवणे ही एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिला पदवी असू शकते, ही ती मान्यता. पियानोवादकापुढे निदान लिहिलेली स्वरलिपी असते. आपल्या हार्मोनियमवादकापुढे काहीच नसते. त्याला गायकाचा पुढचा स्वर ऐकूनच, किंबहुना ऐकू येण्याआधीच, ओळखावा लागतो. ही विद्या अधिक कठीण असताना तिला पदवी नाही.

विद्यार्थ्याजवळ जे आधीच असते

ग्रामीण महाराष्ट्रातील महाविद्यालयांत संगीत घेणारे अनेक विद्यार्थी भजनी मंडळांतून आलेले असतात. टाळ धरणे, चाल उचलणे, मृदंगाच्या बोलावरून उठावणी ओळखणे, कीर्तनकार अभंगाचे चरण मध्येच तोडून निरूपणाकडे वळला असता थांबणे आणि त्याच्या इशाऱ्यावर पुन्हा त्याच स्वरात उभे राहणे, हे सारे त्यांनी लहानपणापासून केलेले असते. परस्परांकडे कान देण्याचे हे शिक्षण शार्ङ्गदेवाच्या सहा गुणांपासून फार दूर नाही. हा विद्यार्थी विद्यापीठात येतो तेव्हा त्याचा आवाज ‘मोकळा’ आहे, स्वर ‘कच्चा’ आहे, असे त्याला सांगितले जाते, आणि ते खरेही असते. पण त्याच्याजवळ जे पक्के आहे ते तपासणारी एकही परीक्षा त्याला भेटत नाही. तीन वर्षांनी तो एकट्याने राग गावयास शिकतो. दुसऱ्याचे ऐकावयास तो तीन वर्षांपूर्वीच शिकला होता. त्याचा सराव तेवढा सुटतो.

हा सराव सुटण्याला यंत्रानेही हातभार लावला आहे. गुरूच्या मागे तानपुरा धरून बसणे ही पूर्वी शिष्याची पहिली जागा होती. तेथून तो गुरूला गळ्याची साथ करी. गुरूने सोडलेली जागा भरावयाची, पण गुरूच्या पुढे जावयाचे नाही, हा संयम तेथेच अंगी बाणे. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने सुराची सोय केली आणि ती जागा काढून घेतली. तबल्याच्या यंत्राचेही तसेच. यंत्र चुकत नाही, थकत नाही, आणि ऐकतही नाही. त्याच्यासोबत तयार झालेला विद्यार्थी पहिल्यांदा माणसाबरोबर गातो तेव्हा तबलावादकाने लय जराशी फुलवली तरी त्याला तो व्यत्यय वाटतो.

शक्य असलेली सुरुवात

साथसंगतीची परीक्षा घेणे अवघड आहे, हा आक्षेप खरा आहे. गायन करणारा विद्यार्थी कमकुवत असेल तर तबल्याच्या विद्यार्थ्याचे कौशल्य कसे दिसावे? आणि तो उत्तम असेल तर साथीदाराचे फुकट भले होणार नाही काय? या अडचणीवर नाट्यविभागांकडे काहीएक उत्तर आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ललित कला केंद्रात संगीत, नृत्य आणि नाट्य एकाच छताखाली शिकवले जातात. नाटकाचा विद्यार्थी एकट्याने परीक्षा देऊ शकत नाही; समोरचे पात्र दुबळे असले तरी त्याने त्याला कसे झेलले हे परीक्षक पाहतोच. संगीतातही एकाच विद्यार्थ्याला दोन वेगळ्या सहकाऱ्यांबरोबर, एका परिचित आणि एका अपरिचित अशा, बसवून पाहता येईल. तालमीशिवाय अपरिचित गायकाबरोबर वाजवलेली दहा मिनिटे तबल्याच्या विद्यार्थ्याविषयी जे सांगतील, ते तासाभराचे पाठ केलेले स्वतंत्र वादन सांगू शकणार नाही. आणि तोच निकष उलट बाजूनेही लावावा लागेल : गायक साथीदाराला वाव देतो की नाही, त्याची लय ऐकतो की नाही, हेही गुणांत आले पाहिजे.

तबला आणि गायन हे दोन्ही विषय नसलेल्या महाविद्यालयांत हे कसे जमावे, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात अशी महाविद्यालये पुष्कळ आहेत. तेथे निदान एक गोष्ट करता येईल. तबल्याच्या स्वतंत्र वादनाला लेहरा लागतो, आणि तो वाजवावयास परीक्षेच्या दिवशी बाहेरून कोणी तरी बोलावले जाते. सोळा मात्रांची तीच सुरावट अर्धा तास, लय न ढळू देता, समोरच्याच्या तिहाईने न डगमगता धरून ठेवणे ही लहान परीक्षा नव्हे. ती सहाध्यायी विद्यार्थ्याकडे सोपवावी, आणि गुणपत्रकात त्याचे नाव लिहावे.